बाईसाहेबांचं दुखणं

४ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. ख्यालीखुशाली शेवटी लिहिते, आधी तक्रार. बाईसाहेब सुरू होत नाहीत.

मागच्या रविवारी अगदी शहाण्यासारख्या सुरू झाल्या होत्या. मी नेहमीसारखी त्यांच्यातच बसून चहा घेतला, इंजिन गरम होऊ दिलं आणि बंद केलं. काल चावी फिरवली तर इंजिन नुसतं फिरतंय, पकडत नाही. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि कॉम्प्युटरची वायर कुठं जोडायची म्हणून मलाच विचारलं. मी दातांची डॉक्टर. मला माहीत असतं तर त्याला कशाला बोलावलं असतं?

आपलं काय ठरलंय ते पुन्हा लिहिते, म्हणजे घोळ नको. बाबा गेल्यापासून आईच्या गुडघ्यांनी अगदी असहकार पुकारलाय. घर वर, गॅरेज खाली, मधे तो उभा जिना. ती खाली उतरतच नाही. म्हणून गॅरेजची तिच्यासाठी खोली करायची. गवंडी महिनाअखेरीला येणार. त्याच्या आत मी गाडी चालवत तुझ्याकडे आणून सोडणार. आजोबांनी तुला वर्कशॉप दिलं आणि आईला गाडी, यावरून तू आजवर रुसून बसला आहेस. तो रुसवा एकदाचा निघेल. पण त्यासाठी बाईसाहेब हलायला हव्यात. ढकलून न्यावं तर गॅरेजपासून रस्त्यापर्यंत नुसता चढ. आणि भंगारवाल्याचं नाव काढायचं नाही, ते मला जमणार नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर एक वाक्य टाइप करायला तू अर्धी सकाळ घेतोस. तेव्हा पत्रच लिही, पण लगेच.

आई बरी आहे. मामीला नमस्कार.

तुझी भाची


९ जानेवारी

चि. डॉक्टरीणबाई,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून मामी म्हणाली, 'आला वाटतं तुमच्या आवडीचा पेशंट.' मी सकाळपासून तुझं पत्र खिशात घालून फिरतोय.

पण हे काय लिहिलंस? 'इंजिन नुसतं फिरतंय, पकडत नाही.' तुझ्याकडे पेशंट येऊन 'दात दुखतो' एवढंच म्हणून गप्प बसला तर तू काय करशील? मला आवाज लिही. इंजिनांच्या शेजारी उभं राहून माझे कान गेले, पण लिहिलेला आवाज मला अजून स्वच्छ ऐकू येतो. मी तिथं असतो तरी उपयोग नव्हता. तेव्हा आता तू माझे कान. बाईसाहेब कशा फिरतात? दमून, की तरतरीत? मधेच खोकतात का? शेवटी काय म्हणतात? लाजू नकोस, जसं ऐकू येईल तसं लिही.

आणि नाक वापर. चावी फिरवून झाली की बॉनेटपाशी ये. पेट्रोलचा वास आला तर इंधन पोचतंय. मग बघायची ठिणगी. एक प्लग काढ, त्याची वायर त्याला तशीच लावून ठेव, प्लगचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला टेकव आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांग. काढलेल्या भोकापासून दूर धर, नाहीतर तिथनं उडालेलं पेट्रोल पेटायचं. टोकाला निळी ठिणगी नाचली पाहिजे. प्लग कोरड्या जाड फडक्यात धर, हातात नको. नाहीतर असा झटका बसेल की माझ्या सात पिढ्यांची आठवण काढशील.

गाडीला जगायला फार काही लागत नाही. पेट्रोल, हवा, ठिणगी, आणि ती ठिणगी वेळेवर. यातलं काय चुकतंय ते शोधायचं. घाई करू नकोस. एका वेळी एकच गोष्ट तपास.

इकडे शेड झाडून ठेवलीय. छपराची गळती काढली. गाडीवर घालायला जाड कापडाचं आच्छादन शिवून घेतलंय. मामी म्हणते, लग्नात तिच्यासाठीसुद्धा एवढी तयारी झाली नव्हती.

अक्काला सांग, तिची गाडी मी फुलासारखी ठेवीन.

तुझा मामा


१४ जानेवारी

ती. मामा,

आवाज लिहिते. हसलास तर पुढचं पत्र येणार नाही.

चावी फिरवली की 'ख्यँव-ख्यँव-ख्यँव-ख्यँव', अगदी तरतरीत, एका लयीत. खोकला नाही, शिंक नाही. चावी सोडली की 'ख्यूंऽऽ' करून गप्प. पेट्रोलचा वास भरपूर. शेजारच्या ग्रंथपालकाकांना चावीवर बसवलं आणि मी प्लग धरला. काका इतके हळू बोलणारे, पण चावी फिरवताना दरवेळी 'सावधाऽऽन' असं ओरडत होते. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प केल्याचा हिशेब चुकता करत असावेत.

ठिणगी नाही. निळी नाही, पिवळी नाही, काहीच नाही.

मग मी वायरींच्या मागं मागं गेले. नळकांड्यासारखी ती कॉइल असते ना, तिच्या डोक्यातून निघणारी जाड वायर निसटून बाजूला पडली होती. दाबून बसवली. काकांनी 'सावधाऽऽन' म्हटलं आणि मामा, 'भक्!' आणि मग 'घर्रर्रर्र'! मी टाळ्या वाजवल्या, काकांनीही वाजवल्या. धावत वर जाऊन आईला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, 'हो का? छान.' तुझं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवते, सगळीच दाखवीन. मोठ्या आवडीनं ऐकते. 'ठोक्या पुढं काय म्हणतो?' असं दोनदा विचारते. तुझं हे नाव मला आतापर्यंत माहीत नव्हतं बरं का.

इथपर्यंत आनंद. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आले आणि चावी फिरवली, तर 'टक्'. एवढंच. ख्यँव नाही, काही नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'.

आता?

तुझी भाची


१९ जानेवारी

चि. डॉक्टरीणबाई,

'टक्' म्हणजे करंट दारापर्यंत येतोय, आत येत नाही. बॅटरीच्या दोन्ही टोकांवरचे पकडीचे नट हातानं हलवून बघ. सैल असतील तर पान्यानं घट्ट कर.

बाकी कशाला हात लावू नकोस. पेट्रोल ठीक, कॉइलची वायर तू बसवलीस, म्हणजे ठिणगीही ठीक. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडायची आत्ता गरज नाही, तिथं काही बिघडलेलं नसणार.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. ती जाड वायर अशी आपण होऊन निसटत नाही. चालत्या गाडीत हादऱ्यानं निघेलही एखादवेळी. पण उभ्या गाडीत? मामी म्हणते, उंदीर. असेल. पण उंदीर कुरतडतो, ओढून बाजूला ठेवत नाही.

बॅटरीचं काय झालं ते कळव. मी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. तो बिचारा मला बघून सायकलवरूनच मान हलवतो.

तुझा मामा


२५ जानेवारी

ती. मामा,

बॅटरीची पकड बोटानं फिरत होती, इतकी सैल. घट्ट केली. 'ख्यँव-ख्यँव' परत आलं. पण 'भक्' आलं नाही. पुन्हा ठिणगी नाही, आणि जाड वायर तर जागेवर आहे! सगळे प्लग काढून घासले, पुसले. ते काम मला जमतं. पेट्रोलनं ओलेचिंब होते. पुन्हा बसवले. तरी नाही.

मला ना आता या गाडीचा राग येत नाही, मोठं नवल वाटतंय. माझ्याकडे असे पेशंट येतात. खालची दाढ किडलेली असते आणि ते वरच्या दाढेवर बोट ठेवतात. खोटं बोलत नसतात, तिथंच दुखत असतं त्यांना. बाईसाहेबांचं तसंच काहीतरी आहे का? आपण जिथं बघतोय तिथं दुखणं नाहीच?

गवंडी काल येऊन गेला. गाडी जागेवर बघून त्यानं कपाळाला हात लावला. आईनं त्याला वर बोलावून चहा दिला आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीला ओल आहे, तिथं कुणी झोपलं तर आजारी पडेल, असं बरंच काही सांगितलं. मला ओल कधी दिसली नाही. गवंडी म्हणाला, गाडी निघाली की निरोप द्या, तोवर दुसरं काम घेतो.

मला घाई झालीय मामा. परवा आई बसल्या जागेवरून उठताना 'आई गं' म्हणाली आणि मी हातातलं टाकून धावले. एक दिवस ती त्या जिन्यावरून पडेल आणि मी दवाखान्यात कुणाच्या तरी तोंडात बघत असेन.

तुझी भाची


३० जानेवारी

चि. डॉक्टरीणबाई,

हे पत्र लिहायला मी दोन कागद फाडले. मामी म्हणाली, लिहू नका. पण पोटात ठेवणं मला जमत नाही.

तुझी सगळी पत्रं समोर मांडून बसलो. गाडीला एका वेळी एक आजार होतो, तो बरा झाला की ती चालते. इथं एक बरा केला की दुसऱ्या दिवशी दुसरा हजर. आणि बघ, मागच्या पत्रात मी लिहिलं, डिस्ट्रिब्यूटर उघडायची गरज नाही, आणि लगेच ठिणगी गेली, वायर जागेवर असूनसुद्धा. याचा अर्थ एकच. ही गाडी आजारी नाही. तिला कुणीतरी आजारी पाडतंय. आणि जो कुणी आहे, तो माझी पत्रं वाचतोय.

माझी पत्रं तुझ्याकडेच येतात.

बाळ, तुला गाडी द्यायची नसेल तर सरळ सांगायचं. लहानपणी तू मागच्या सीटवर झोपायचीस, मला माहीत नाही का? मी शेड झाडली, कापड शिवलं, त्याचं काही नाही. पण म्हाताऱ्याला असं खेळवायचं नाही.

मी चुकत असेन तर शेवटची गोष्ट कर. डिस्ट्रिब्यूटरचं काळं झाकण दोन पकडी सोडून काढ. वर रोटर दिसेल, तो सरळ वर ओढला की निघतो. त्याच्या खाली धातूच्या दोन छोट्या टिकल्या समोरासमोर असतात. त्यांना पॉइंट म्हणतात. त्या भेटतात आणि सुटतात, त्या सुटण्यातून ठिणगी निघते. तुझा तो तोंडात घालायचा आरसा घेऊन त्यांच्या मधे बघ. मी आधी सांगितलं होतं तिथं काही नसणार. म्हणूनच आता तिथं बघ.

मामा


५ फेब्रुवारी

मामा,

मी? मी!

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना माझा आवाज इतका चढला की ग्रंथपालकाका गॅलरीत आले. आईनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, 'तुझ्यावर आळ घ्यायला नको होता त्यानं.' जेवणात तिनं माझ्या ताटात दोनदा वाढलं. निदान तिला तरी माझी कीव आली.

मला गाडी द्यायची नसती तर मी तुला तोंडावर सांगितलं असतं. मी आईची मुलगी आहे, मनात ठेवून वागणं आमच्या घरात नाही.

आता ऐक. झाकण काढलं. रोटर काढला. आरसा घातला. दोन्ही टिकल्यांच्या मधे कागद होता! जाड, पिवळट, पुठ्ठ्यासारखा. नखाएवढा. चिमट्यानं काढला. मग सगळं होतं तसं बसवलं, चावी फिरवली, आणि 'भक्! घर्रर्र.' पहिल्या फटक्यात.

म्हणजे तुझं बरोबर होतं, कुणीतरी करतंय. फक्त माणूस चुकीचा धरलास. मला वाटतं, ग्रंथपालकाका. कागद त्यांच्या जुन्या कार्डांसारखा आहे आणि चावीवर तेच बसतात. बांधकामाची धूळ त्यांच्या पुस्तकांवर बसेल ही त्यांची एकच चिंता. माणूस किती सरळ दिसतो बघ! कागद कात्रीनं सफाईदार कापलेला आहे, चारी कोपरे गोल केलेले. टिकलीला ओरखडा पडू नये म्हणून असेल. झाकणसुद्धा नीट बसवून दोन्ही पकडी लावल्या होत्या. एवढी काळजी घेणारा शत्रू मी पाहिला नाही.

मी गॅरेजला कुलूप घातलंय. एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी वर स्वयंपाकघराच्या खिळ्याला. आता घरात आईशिवाय कुणी नसतं, तेव्हा काळजी नाही. गवंड्याला पुढच्या आठवड्याचा निरोप देते.

माफी मागितलीस तर घेईन, आणि मगच गाडी घेऊन तुझ्याकडे निघेन.

भाची


९ फेब्रुवारी

अक्का,

कोपरे गोल कापायची सवय गेली नाही तुझी.

डॉक्टरणीचं पत्र वाचलं आणि मी शेडमध्ये जाऊन एकटाच हसलो. वडील जेवून झोपले की मी गाडी पळवायचो. तू मला अडवून अडवून थकलीस, आणि एक दिवस पॉइंटमधे कागद घातलास. मी घामाघूम होऊन दुपारभर हँडल मारत होतो आणि तू पायरीवर बसून वेणी घालत होतीस. ही युक्ती वडिलांनी आपल्या दोघांनाच दाखवली होती. मी इथं आहे. म्हणजे उरलं कोण?

आणि मी मूर्ख त्या पोरीवर घसरलो. तुझं नाव माझ्या मनातही आलं नाही. का? कारण अक्काला जिना उतरता येत नाही!

अक्का, जाड वायर काढायला एकदा खाली. बॅटरीची पकड सोडायला पुन्हा. कागद घालायला पुन्हा, तेही बॉनेट उचलून, वाकून. मग वर. ज्या जिन्यासाठी हा सगळा घाट घातलाय, तो जिना तू पोरीसारखी चढतेस-उतरतेस. मला सांग, हे काय चाललंय?

खरं सांगतो, मला ती गाडी हवी आहे. वडील गेल्यापासून हवी आहे. तेव्हा कारण तितकंच मोठं असू दे.

ठोक्या


१४ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

आशीर्वाद. तुला कळायला इतके दिवस लागले याचंच मला आश्चर्य वाटलं. पूर्वी हुशार होतास.

पोरीसारखी चढत-उतरत नाही. कठडा धरते, मधल्या वळणावर थांबते, दम खाते. गुडघे दुखतात, ते खोटं नाही. पण दुखणं आणि न चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे गेल्यावर खाली उतरलं की जो तो तोंड पाडून समोर यायचा. हात हातात घ्यायचा. मला ते सोसेना. 'गुडघे' म्हटलं की सुटका व्हायची. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि एक दिवस बघते तर लेक घराचा नकाशा पसरून बसलेली. इतक्या मायेनं सगळं आखत होती. स्नानघरात कुठं धरायला दांडी लावायची, पलंग किती उंच हवा. तिच्या तोंडाकडे बघून 'नको' म्हणवेना. मग ते 'नको' मी गाडीकडून म्हणवलं.

भंगारात ती देणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पेशंट अर्धवट सोडायची तिला सवय नाही. म्हटलं, जितके दिवस गाडी उभी, तितके दिवस मी वर. तुझी पत्रं ती वाचून दाखवायची आणि मी वाटाणे सोलत ऐकायची. फार मजा आली रे. किती दिवसांनी माझ्या हातांना काळं लागलं. साबणानं धुताना मला आपल्या वडिलांचे हात आठवले आणि मी नळाखाली रडले. वाईट वाटून नाही. बरं वाटलं.

तुला कारण हवंय. वरची खोली माझी आहे. सकाळचं ऊन पलंगाच्या पायाशी येतं, तिथून कपाटापर्यंत सरकतं, तेवढ्यात माझी आंघोळ होते. पलंगाच्या एका अंगाला मी झोपते, दुसरं अंग मोकळं आहे आणि ते मोकळंच असावं. खालच्या खोलीत एकट्या बाईचा पलंग मावेल. आणि ठोक्या, आज मला वरून खाली आणलं की त्याच्यापुढं कुठं नेतील, हे काय मला कळत नाही? मला अजून खाली जायचं नाही.

ती दिवसभर लोकांना 'कुठं दुखतंय' विचारते. मला तिनं 'खाली कधी येतेस' एवढंच विचारलं. रागावत नाही मी. घाबरलीय ती.

तिच्यावर आळ आला ते मात्र मला खुपलं. तिला काही सांगू नकोस. कुलूप घातलंय म्हणून खूश आहे. रोटर मी कालच काढून आणलाय. माझ्या बटव्यात आहे.

अक्का


१९ फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाई,

मी चुकलो. कान धरतो. मामीनं सकाळ-संध्याकाळ झापलं, ते वेगळं. ग्रंथपालांचीही माफी मागून टाक, त्यांचा यात काही हात नाही.

बाईसाहेब पुन्हा बंद पडल्या असतील. मला कसं कळलं ते विचारू नकोस, सांगायचं नाही म्हणून मला बजावलंय. दुखणं काय आहे ते मला आता ठाऊक आहे. पण ते मी सांगणं बरोबर नाही. तुला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं.

एकच कर. हे पत्र नेहमीसारखं आईला मोठ्यानं वाचून दाखव. मग पुढचं वाक्यही वाच.

अक्का, मला गाडी नको. शेडमध्ये मामीला भाजीच्या रोपांच्या कुंड्या ठेवायच्या आहेत, म्हणजे तसं मीच तिला सुचवलंय. तू मोकळी आहेस. आता तरी लेकीला सांग.

तुझा मामा


२४ फेब्रुवारी

ती. मामा,

हे पत्र गाडीच्या पुढच्या सीटवर बसून लिहितेय, अक्षर समजून घे.

तुझं म्हणणं खरं होतं, गाडी बंदच होती. त्याच तिरीमिरीत मी तुझं पत्र आईला वाचायला बसले. 'अक्का, मला गाडी नको' पासून शेवटपर्यंत वाचलं. मान वर केली तर आई माझ्याकडे बघत होती. उठली. बटवा कमरेला खोचला, चपला घातल्या, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि जिन्याकडे निघाली.

मी 'आई, जपून' म्हणत मागं धावले. तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. कठडा धरून, एक एक पायरी, मधल्या वळणावर थांबून, दम खाऊन, खाली. कुलूप काढलं. बॉनेट उचलून दांडीवर टेकवलं, जसं मी ताटावरचं झाकण उचलते तसं. बटव्यातून रोटर काढला, पदराच्या टोकानं पुसला, बसवला, झाकण लावलं, पकडी लावल्या. मी दारात उभी. मला सगळं एकदम कळलं. वायर, बॅटरी, गोल कोपरे, ओल नसलेली भिंत, सगळं.

आणि मामा, मला भयंकर राग आला. मी ओरडले. 'मी इतके दिवस काळजीनं मरतेय आणि तू?' असं काय काय. ती गाडीवर हात ठेवून ऐकत राहिली. माझं संपलं तेव्हा म्हणाली, 'तुझं झालं असेल तर मला एक विचार.' मी म्हटलं, 'काय?' तर म्हणाली, 'मला कुठं राहायचंय ते.'

विचारलं. तिनं सांगितलं. बराच वेळ सांगितलं. गाडीच्या पुढच्या सीटवर बसून, मी शेजारी. पलंगाचं दुसरं अंग मोकळं का हवं ते सांगताना ती रडली नाही, मीच रडले. गुडघे खरंच किती दुखतात, कधी दुखतात, तेही मी पहिल्यांदाच विचारलं. जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा लावून घेणार आहोत. वळणावर एक छोटं बाक. गवंड्याला तेवढंच काम आहे म्हणून कळवलं. तो म्हणाला, 'बाई, मला त्या चहाच्या वेळीच वाटलं होतं.' म्हणजे गवंड्याला कळलं, तुला कळलं, ग्रंथपालकाका म्हणतात त्यांनाही संशय होता. माझ्या घरात काय चाललंय ते मलाच तेवढं माहीत नव्हतं.

मी अजून घाबरते. रोज सकाळी दवाखान्यात निघताना जिन्याकडे बघते आणि दारातून दोनदा मागं वळते. पण आता ती भीती मी माझ्यापाशीच ठेवायचं ठरवलंय.

आणि तुझं आच्छादन वाया जाणार नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघी तुझ्याकडे येतोय. गाडी आई चालवणार. खाली तिला चार ओळी लिहायच्या आहेत म्हणे.

तुझी भाची

ठोक्या, गाडी दाखवायला आणते आहे, द्यायला नाही. दुपारी मी तुझ्या बायकोशी गप्पा मारत बसले की एक चक्कर मारून ये. या वेळी कागद घालणार नाही.
अक्का